‘जरा अभ्यास करून लिहा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

चार्ल्स ब्राव्हो प्रकरणावरच्या माझ्या लेखावर आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आभार मानून गप्प बसावं असं आधी वाटलं होतं, पण ते काही जमलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनच्या दक्षिणेला बॅलममध्ये ‘द प्रायरी’ नावाच्या आलिशान घरात १८ एप्रिल १८७६ च्या रात्री चार्ल्स ब्राव्हो हा तरुण बॅरिस्टर एकाएकी आजारी पडला आणि २१ तारखेला पहाटे गेला. अँटिमनी या विषारी धातूचं विष निघालं. लग्नाला पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. बायको फ्लॉरेन्स ही पैसेवाली विधवा, पहिल्या नवऱ्यामागे तिला सुमारे ४०,००० पौंड मिळालेले. घरात तिची पगारी सोबतीण मिसेस कॉक्स. आणि लग्नाआधी फ्लॉरेन्सचे डॉक्टर गलींशी संबंध होते. वयाने ते तिच्या वडिलांच्या पिढीतले.

आपलं म्हणणं असं की लेख फार लांबला, इंग्रज श्रीमंतांची लफडी मराठीत कशाला हवीत, आणि शेवटी: ‘खून बायकोनेच केला हे शेंबडं पोरही सांगेल, पण एका दारुड्या, बदफैली बाईला केवळ बाई म्हणून तुम्ही वाचवलंत. जरा अभ्यास करून लिहा.’

लेख लांबला हे मान्य. मालव्हर्न गावी गली पाण्याने उपचार करत, त्या जलोपचारांचा परिच्छेद निम्मा केला असता तर काही बिघडलं नसतं. इंग्रजांबद्दल मराठीत का लिहावं, या प्रश्नाला मी उत्तर देत बसणार नाही. ज्याला नको त्याने वाचू नये. पण शेवटचं वाक्य मला सोडवत नाही.

आपण मला ओळखत नाही, तरी अभ्यास नाही असं ठरवून मोकळे झालात. माझी सगळी नोकरी सत्र न्यायालयात लघुलेखिका म्हणून गेली. न्यायाधीशांसमोर बसून मी फौजदारी खटल्यांतल्या साक्षी उतरवून घेतल्या आहेत. सरतपासात एक आणि उलटतपासात दुसरं बोलणारे साक्षीदार माझ्या पेन्सिलीखालून गेलेत. बाई आरोपी असली की वकील आधी तिच्या चालीरीतीत शिरतो, हेही मी तिथेच पाहिलं. ती दारू पिते का, कोणाबरोबर फिरते, रात्री किती वाजता घरी येते. तासभर हेच चालायचं आणि खुनाच्या वेळी ती कुठे होती हा प्रश्न मागे पडायचा. तेव्हा ‘बाई म्हणून वाचवलंत’ असं मला कोणी म्हटलं की राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

बॅलमला नेमकं हेच घडलं. मृत्यूची पहिली चौकशी प्रायरीतच उरकली आणि विष पोटात कसं गेलं ते ठरलंच नाही. मग जुलै-ऑगस्टमध्ये बेडफर्ड हॉटेलात दुसरी चौकशी झाली, ती तेवीस दिवस चालली. तिथे फ्लॉरेन्सला गलींवरून इतकं खोदून विचारलं गेलं की तिला शेवटी कॉरोनरकडेच, म्हणजे मृत्यूची चौकशी चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, दाद मागावी लागली. ती वाइन पीत होती, भरपूर पीत होती. हे मी लेखात लिहिलं आहे, लपवलेलं नाही. पण पिणं हा नवऱ्याच्या पाण्यात विष घालण्याचा पुरावा कसा होतो, ते आपण सांगितलेलं नाही.

आता पाण्याचंच बघा. दुसऱ्यांदा गर्भपात झाल्यामुळे फ्लॉरेन्स आजारी होती, म्हणून चार्ल्स वेगळ्या खोलीत झोपत होता. झोपण्याआधी हात-तोंड धुण्याच्या मेजावरच्या बाटलीतलं पाणी पिण्याची त्याला सवय होती. टार्टर एमेटिक, म्हणजे ज्यात अँटिमनी असतं ते औषध, पाण्यात सहज विरघळतं आणि त्याला फारशी चव नसते. त्या रात्री तो दारात येऊन ‘फ्लॉरेन्स! फ्लॉरेन्स! गरम पाणी!’ असं ओरडला. फ्लॉरेन्स झोपली होती. तिच्या उशाशी जागी बसलेली मिसेस कॉक्स धावली. चार्ल्सने खिडकीतून केलेली उलटी खालच्या छपरावर पडली होती. ती तपासली तेव्हा तिच्यात अँटिमनी सापडलं. आणि सर विल्यम गल यांच्यासारख्या नावाजलेल्या डॉक्टरला बोलावणं कोणी धाडलं? फ्लॉरेन्सनेच. विष घातलेल्या बाईने इंग्लंडमधला सगळ्यात चाणाक्ष डॉक्टर स्वतःहून घरात आणला, असं आपल्याला म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि का ते सांगा.

मिसेस कॉक्सकडे मी बोट दाखवलं म्हणून आपण ‘गरीब नोकर बाईवर ढकललंत’ असंही लिहिलंय. ढकललं नाही. तिचा जबाब वाचला. तिने आधी सांगितलं की चार्ल्स तिला म्हणाला, ‘मी विष घेतलंय, फ्लॉरेन्सला सांगू नका.’ मग दुसऱ्या चौकशीत त्याच वाक्यात गलींचं नाव आलं: विष गलींमुळे घेतलं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडचं इतकं मोठं नाव पहिल्या चौकशीत बोलायचं राहून जातं? अशी भर पडलेली साक्ष मी कधी सहज मान्य होताना पाहिली नाही. शिवाय खर्च कमी करायचा म्हणून तिला घरातून काढावं असं चार्ल्सच्या मनात होतं, आणि तिला तीन मुलगे. तरीही तिनेच खून केला असं मी म्हटलेलं नाही. लेख परत वाचा.

दुसऱ्या चौकशीच्या पंचांनी, म्हणजे ज्युरीने, सांगितलं की हा मुद्दाम केलेला खून आहे, आत्महत्या नाही, अपघात नाही, पण दोष कोणावर ठेवावा इतका पुरावा नाही. ज्यांनी ते सगळे साक्षीदार समोर बसून ऐकले त्यांना नाव घेता आलं नाही. आपण ते घरबसल्या घेतलंत, आणि वर अभ्यासाचा सल्ला मला.

गलींबद्दलची आपली वाक्यं मी सोडून देते. त्यांत मुद्दा नाही, शिव्या आहेत.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एवढं घेऊन या: कोचवान ग्रिफिथ्सने घोड्यांसाठी टार्टर एमेटिक विकत आणलं होतं आणि उरलेलं ओतून टाकलं असं तो म्हणाला. त्यातलं काही फ्लॉरेन्सच्या हाती लागलं हे सांगणारा एक साक्षीदार, कोणत्याही चौकशीतला, मला दाखवा.