जामठ्यावरच्या टाळ्या

२०२५ च्या मोसमाआधी विदर्भाचा संघ सोडून जितेश शर्मा बडोद्याला गेला आणि करुण नायर कर्नाटकात परतला, तेव्हा आमच्या क्रिकेटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता शिमगा चालला होता. "गद्दार", "विदर्भानं काय कमी केलं होतं?" वगैरे. करुणच्या वाट्याला शिव्या जरा कमी आल्या, जितेशच्या जास्त. साहजिक आहे. करुण पाहुणा होता, जितेश अमरावतीचा.

मी त्या भांडणात पडलो नाही, कारण माझं भांडण फेब्रुवारीतच जामठ्याला, नागपूरच्या स्टेडियमवर, होऊन गेलं होतं.

रणजीची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ. दुसरा दिवस, २७ फेब्रुवारी. आमचे ३७९ झाले होते. आमच्या नळकांडेनं केरळचे दोन्ही ओपनर उडवले, २ बाद १४. आता पत्त्यांसारखे कोसळतात बघा, असं म्हणत आम्ही संत्री सोलायला घेतली. आणि क्रीजवर उभा कोण, तर आदित्य सरवटे. केरळच्या टोपीत.

आपला सरवटे हो! नागपूरचा, त्या मोसमात विदर्भ सोडून केरळकडे गेलेला. २०१९ मध्ये याच मैदानावर फायनलला सौराष्ट्राच्या ११ विकेट घेणारा. पुजाराला दोन्ही डावांत त्यानंच काढलं होतं, एकदा १ वर आणि एकदा भोपळ्यावर. त्या दिवशी मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. आणि केरळला या फायनलपर्यंत आणणारा शेवटचा बॉलही त्याचाच. अहमदाबादला सेमीफायनलमध्ये गुजरातचा शेवटचा फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आदळून स्लिपच्या हातात गेला आणि केरळला पहिल्या डावात दोन रनांची आघाडी मिळाली. मॅच ड्रॉ झाली, की तेवढ्यावरच फायनल मिळते. मोबाईलवर ते बघून मी "घेतली बे!" म्हणून उठलो होतो. आपण केरळसाठी उठलोय, हे खाली बसताना लक्षात आलं.

तर जामठ्याला हा पठ्ठ्या हलायलाच तयार नाही. मागून एक काका ओरडले, "अबे आदित्या, काऊन करून राहिला असं? घरच्याच पोरांना?" अर्धा स्टँड हसला. त्याचे पन्नास झाले. माझ्या शेजारच्या मित्रानं कडकडून टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात संत्र्याची सालं होती. मी ती तशीच धरून बसलो.

"तू काऊन वाजवून राहिला?"

"आपला पोट्टा आहे न."

"आपला होता."

"मग जाफर कोणाचा होता बे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वसीम जाफर, मुंबईला कप्तान म्हणून रणजी जिंकून दिलेला माणूस, २०१५ मध्ये विदर्भाकडे आला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीविरुद्ध विजयाचा चौका त्यानंच मारला. आमचं पहिलंवहिलं रणजी. कोच चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. पुढच्या मोसमात चाळिशी गाठलेल्या जाफरनं हजारावर रन केले आणि आम्ही पुन्हा जिंकलो. तेव्हा नागपुरात एकानंही विचारलं नाही, की हा मुंबई सोडून आलाच कसा? उलट "प्रोफेशनल असावं तर असं" म्हणत आम्ही त्याला डोक्यावर घेऊन नाचलो. येणारा प्रोफेशनल आणि जाणारा गद्दार. संघ सोडायच्या परवानगीचा, एनओसीचा कागद दोघांचा सारखाच.

करुणचं तर विचारूच नका. कसोटीत त्रिशतक ठोकलेल्या माणसाला २०२२ मध्ये कर्नाटकानं बसवून ठेवलं. संघ खेळाडूला सोडतो, तेव्हा संघाला गद्दार म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. आम्ही त्याला २०२३ मध्ये घेतलं. २०२५ च्या जानेवारीत तो आमचा कप्तान म्हणून विजय हजारे या वनडे स्पर्धेची फायनल खेळला. समोर कर्नाटकच. आम्ही हरलो. पण त्या दिवशी कर्नाटकवाल्यांनी काय म्हणायचं होतं? आणि तोच जुलैत परत गेला, तर आम्ही काय म्हणायचं? रणजी फायनलमध्ये ८६ आणि १३५ करून गेला, बाप्पा! घरजावईसुद्धा एवढं करत नाही.

आमचा फास्ट बॉलर गुरबानी महाराष्ट्राच्या संघाकडे गेला तेव्हा तर गंमतच झाली. पुण्याच्या भावाला सांगितलं, "आमचा गुरबानी महाराष्ट्रात गेला." तो म्हणे, "अरे, मग आत्ता कुठे आहे?" त्याला काय सांगणार? क्रिकेटमध्ये आमचं वेगळं राज्य केव्हाच झालंय.

हे सगळं मला कळतं. सरवटे तिशी ओलांडलेला डावखुरा स्पिनर आणि विदर्भाच्या टीममध्ये त्याच मोसमात ६९ विकेट घेऊन रणजीचा रेकॉर्ड मोडणारा हर्ष दुबे, तोही डावखुरा स्पिनर. सरवटे का गेला ते त्याचं त्याला ठाऊक, पण दोघांना पुरेल एवढी जागा कुठून आणायची? नोकरीत मीसुद्धा दोनदा कंपनी बदलली आहे, आणि निरोपाच्या समोशाला कुणी मला गद्दार म्हटलं नाही.

तरी हात उचलले गेले नाहीत, हेही खरं. करुण गेला तर हळहळ वाटते, सरवटे दुसऱ्या टोपीत दिसला तर पोटात खड्डा पडतो. जाफरच्या वेळी मुंबईच्या एखाद्या माणसाच्या पोटात असाच पडला असेल, आणि आम्ही इथे पेढे वाटत होतो.

संध्याकाळी केरळ ३ बाद १३१, सरवटे नाबाद ६६. वर्धा रोडनं परत येताना मित्रानं गाडीवर मागे वळून न बघता विचारलं, "उद्या त्यानं शंभर करावे का?"

"नव्व्याण्णववर आऊट व्हावा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो ७९ वर गेला. मी उठून टाळ्या वाजवल्या. विकेटसाठी की त्याच्यासाठी, ते मित्रानं विचारलं नाही.