एका पिशवीच्या सात हजार शंभर फेऱ्या

घरातल्या कापडी पिशव्या मोजायची दुर्बुद्धी मला एका रविवारी झाली. दारामागच्या खुंटीवर नऊ, कपाटाच्या तळाशी अकरा आणि 'लागतील कधीतरी' म्हणून गादीखाली सपाट करून ठेवलेल्या तीन. एकूण 23. यातली एकही विकत आणलेली नाही. कुठल्याशा परिसंवादात, कुठल्याशा उद्घाटनात कुणीतरी त्या हातात ठेवल्या आणि 'पृथ्वी वाचवा' असं छापलेली वस्तू नाकारली तर पृथ्वीला वाईट वाटेल, म्हणून मी त्या घेत गेलो.

नेमकं त्याच संध्याकाळी वाचनात आलं की 2018 मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांची जन्मापासून मरणापर्यंतची कुंडली मांडली होती. साध्या सुती पिशवीला दुकानातल्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची असेल, तर नुसत्या हवामानबदलाच्या हिशेबाने ती 52 वेळा वापरावी लागते. ओझोनपासून पाण्यापर्यंत सगळे निकष लावले, तर 7,100 वेळा. पिशवी सेंद्रिय कापसाची असेल तर 20,000 वेळा. एखादं शून्य चुकून जास्त पडलं असेल म्हणून मी पुन्हा वाचलं. शून्य आपल्या जागी होतं. (रस्त्यावर नि समुद्रात जाऊन पडणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब त्यात धरलेला नव्हता, हेही मी घरच्यांना सांगून पाहिलं. तोवर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.)

लेकीने मोबाइलवर 23 गुणिले 7,100 केलं, त्याला 365 ने भागलं आणि मान वर केली.

"रोज एक फेरी धरली तर 447 वर्षं लागतील," ती म्हणाली. "निघ बाबा, उशीर नको."

म्हणून मी एकच पिशवी निवडली. हिरवी, एक बंद उसवून पुन्हा शिवलेला. 7,100 राहू देत, निदान 52 तरी पुऱ्या करायच्या असा पण केला. दर फेरीला कॅलेंडरवर एक रेघ. पंच म्हणून लेकीची नेमणूक झाली आणि तिने पहिल्याच आठवड्यात नियम कडक केले. पिशवी रिकामी परत आली तर फेरी बाद. पिशवी खिशात असताना दुकानदाराने दुसरी पिशवी दिली आणि ती घेतली, तर दोन रेघा खोडायच्या. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "हॉलमधून स्वयंपाकघरात नेली तर धरायची का?"

हिशेबाची एकदा चटक लागली की माणूस पिशवीपाशी थांबत नाही. मी रात्री झोपण्याआधी घरभर फिरून मोकळे लटकलेले चार्जर उपटायला लागलो. एखादा सापडला की शिकारी वाघ दाखवतो तसा तो उंच धरून विचारायचो, "हा कुणाचा?" बायको म्हणायची, "तुमचा." तरी माझा जोर कमी होत नसे. शेवटी लेकीनेच कागद घेतला. असा मोकळा चार्जर वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वीज खातो, म्हणजे वर्षाला एक युनिटसुद्धा नाही. आणि आंघोळीची 20 लिटरची एक बादली 20 अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. म्हणजे दोन बादल्यांत एका चार्जरचं वर्ष निघून जातं. मी तीन बादल्या घेतो. तेव्हापासून आमच्या घरात 'चार्जर' हे आंघोळीचं माप झालंय. बाथरूमच्या दारावर थाप पडते आणि बाहेरून विचारणा होते, "झाला का दीड चार्जर?"

विजेचा खरा चोर टीव्हीखालचा तो काळा डबा निघाला. बंद दिसायचा, पण मीटर लावून पाहिलं तर झोपेतही 10 वॅट ओढत होता. म्हणजे वर्षाला जवळजवळ 88 युनिटं. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण तो उपटून उंच धरता येत नाही.

दिव्यांचं तर सांगायलाच नको. जुना 60 वॅटचा बल्ब जाऊन तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी आला, तेव्हा या बचतीने मी इतका हुरळून गेलो की गॅलरीत, आरशावर, एवढंच काय, कपाटाच्या आतही दिवे लावले. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच लिहून ठेवलंय की इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट जास्त जळतो. आमचं घर न बघता त्याने हे लिहिलं याचं मला फार कौतुक वाटतं.

मग मी खरेदीला लागलो. पर्यावरणाची आवड असलेल्या माणसाचा हा सगळ्यात महागडा काळ. बांबूचे टूथब्रश आणले. त्यांचे केस नायलॉनचे असतात हे घासून झाल्यावर कळलं. नारळाच्या काथ्याच्या घासण्या आणल्या. प्लास्टिकचे डबे काढून टाकायचे म्हणून काचेच्या बरण्या मागवल्या. प्रत्येक बरणी एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात आणि मधल्या जागेत चुरगळलेला कागद. बायको एकेक खोकं उघडत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. तिचं न बोलणं मला वीस वर्षांच्या सरावाने नीट ऐकू येतं. शेवटी ती म्हणाली, "अहो, हे जुने डबे धड आहेत. ते फेकून हे आणलं, तर वाचलं काय?" मी म्हटलं, तत्त्व. "मग तत्त्व माळ्यावर ठेवा. डबे राहू देत."

तुंबलेल्या मोरीसाठी मी रासायनिक पावडर नाकारली आणि नैसर्गिक उपाय केला. आधी खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर. असा काही फेस उसळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. लेक नववीत असल्याने तिने लगेच खुलासा केला. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. "आणि तो फेस?" मी विचारलं. "कार्बन डायऑक्साइड, बाबा." त्यानंतर बायकोने तारेचा आकडा घालून केसांचा गुंता बाहेर काढला आणि मोरी वाहती झाली. तो गुंता माझा नव्हता, हे मी टक्कल दाखवून सिद्ध करू शकलो.

पण हे सगळं किरकोळ. खरी परीक्षा खताची.

तिची सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून गेलं, हे मी सांगत होतो. कचऱ्याच्या डोंगराखाली हवेविना कुजलं की त्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट तापवतो, हेही सांगितलं. बायकोने माझ्या ताटाकडे बघितलं. "मग तेवढं संपवा," ती म्हणाली. ते संपवून मी उठलो आणि गॅलरीतल्या जुन्या बादलीला भोकं पाडायला घेतली.

पहिले पंधरा दिवस मी बादलीत भक्तिभावाने सालं, देठं आणि चहाचा चोथा वाहत होतो. सोळाव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. निवृत्त गृहस्थ, गॅलरीत रांगेने कुंड्या, नाक तीक्ष्ण.

"तुमच्याकडे उंदीर मेलाय का हो?"

मी त्यांना आत बोलावून शास्त्र समजावलं. अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झालाय, सडक्या अंड्याचा आला तर हवा पोचत नाहीये. काका म्हणाले, "दोन्ही येतायत." निदान अचूक होतं. खताला कार्बन आणि नायट्रोजन साधारण 30 ला 1 या प्रमाणात लागतात. ओल्या सालींत नायट्रोजन भरपूर, पण कार्बन यायचा वाळक्या पानांतून, भुशातून, पुठ्ठ्यातून. मी नुसतं ओलंच ओतत गेलो होतो. पिळून ठेवलेल्या फडक्याइतका ओलावा हवा होता आणि माझ्या बादलीत रस्सा झाला होता.

वाळकी पानं आणायची कुठून? घरात झाड नव्हतं. पण पुठ्ठा होता. बरण्यांची खोकी, खोक्यांची खोकी, सगळी रास माळ्यावर तत्त्वाशेजारी पडली होती. चिकटपट्टी नि चकचकीत कागद सोलून मी पुठ्ठ्याचे बोटभर तुकडे करायला बसलो. थोड्या वेळाने लेक बसली आणि चौथ्या दिवशी बायकोसुद्धा. त्या पंधरवड्यात आमच्या घरात टीव्ही लागला नाही. माझी सगळी पर्यावरणपूरक खरेदी शेवटी खोक्यांच्या रूपाने सत्कारणी लागत होती. वास गेला. आणि एके संध्याकाळी, पुठ्ठा फाडता फाडता, बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून काहीतरी मागवा हो. खोकी संपत आलीयेत."

मग अळ्या आल्या.

झाकण उघडलं तर आतला कचरा हलत होता. बायको जी खुर्चीवर चढली ती मी माहिती काढेपर्यंत उतरली नाही. या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. माशी चावत नाही आणि अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. जगात त्या मुद्दाम पाळणारे लोक आहेत. "आपल्याकडे त्या फुकट आल्यात," मी म्हणालो. खुर्चीवरून उत्तर आलं, "पिशव्याही फुकटच आल्या होत्या."

पूर्ण वाढ झाली की या अळ्या खाणं सोडतात, रंगाने काळपट होतात आणि कोरडी, अंधारी जागा शोधत आपणहून चढून बाहेर पडतात. हे मी वाचलं होतं. ती कोरडी, अंधारी जागा म्हणजे माझे ऑफिसचे बूट असतील, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सकाळी पाय घातला आणि काय ते कळलं. काही अळ्या सोफ्याखाली निघाल्या, दोन लेकीच्या दप्तराकडे. काही मात्र पाण्याच्या पन्हळीने थेट खाली उतरल्या. काका दुसऱ्यांदा वर आले. या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही, नुसती मूठ उघडून दाखवली.

पुढचे दोन महिने मी बादलीला जाळी बांधली, आठवड्यातून दोनदा खालीवर केलं आणि जिन्यात काकांची चाहूल लागली की लिफ्टने गेलो. साडेतीन महिन्यांनी बादलीत सालं दिसेनाशी झाली. खाली काळंभोर, भुसभुशीत काहीतरी होतं आणि त्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास होता. त्या मातीत एकच गोष्ट जशीच्या तशी सापडली. पानाचं चित्र छापलेली एक पिशवी, जिच्यावर 'शंभर टक्के कुजणारी' असं लिहिलं होतं. अक्षरंसुद्धा पुसली गेली नव्हती. असल्या बऱ्याचशा पिशव्या कुजायला मोठ्या प्रकल्पातलं साठ अंशांच्या घरातलं तापमान लागतं. आमची बादली ऐन भरात असतानाही जेमतेम कोमट होती.

चार किलो खत भरलं. मी ओंजळीत घेतलं, बायकोने वास घेतला आणि "खरंच की" म्हणाली. वीस वर्षांत असं तीनदा झालंय. मग तिने विचारलं, "आता हे घालायचं कशाला?"

आम्ही तिघांनी घरभर नजर फिरवली. घरात एकुलतं एक झाड होतं, हॉलच्या कोपऱ्यात. हिरवंगार, बारमाही. आठवड्यातून एकदा ते फडक्याने पुसावं लागतं. त्याची पानं प्लास्टिकची आहेत.

म्हणून ते खत हिरव्या पिशवीत भरून मी खाली गेलो. काकांनी आधी पिशवीत लांबून डोकावलं, मग चिमूट घेऊन हुंगलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मला आत बसवून पाणी दिलं. मीही खुललो. खत कसं मुरतं, काय कुजतं, काय कुजत नाही, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पिशवी छान आहे." मी म्हणालो, "अस्सल सुती. मातीत घातली तर तीसुद्धा कुजून जाईल." आमचं मैत्र जुळलं. त्या आनंदात मी हात हलवत वर आलो.

पिशवी खालीच राहिल्याचं तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, बाजारात निघताना. कॅलेंडरवर 49 रेघा होत्या. मी धावत खाली गेलो.

"काका, ती पिशवी…"

"कुठली?"

"खताची. हिरवी."

"अहो, ती तर त्याच दिवशी कापली की! तुम्हीच म्हणालात ना, सुती आहे, कुजते. बारीक तुकडे केले आणि गुलाबाच्या कुंडीत दाबले. या, दाखवतो."

गुलाब टवटवीत होता. बुंध्यापाशी मातीतून कापडाचा एक कोपरा वर आला होता. त्यावर 'पृथ्वी वा' एवढंच शिल्लक होतं.

वर आलो तर लेक दारात उभी होती. माझा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही. खुंटीवरची दुसरी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि कॅलेंडरकडे गेली.

"एकपासून," ती म्हणाली.