घरची स्लायडिंग खिडकी गाडीला का चालत नाही

स्वतःची कॅम्पर व्हॅन (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) बांधू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: गाडीसाठी मुद्दाम बनवलेल्या महागड्या खिडक्यांची काही गरज नाही, घराला लावतात तशी स्लायडिंग खिडकी ॲल्युमिनियमवाल्याकडून करून घ्यावी, ग्राइंडरने पत्रा कापून ती बसवावी आणि फट सिलिकॉनने भरावी, खिडकी जितकी मोठी तितकी गाडी थंड राहते, आणि गाडी आपलीच असल्याने कोणाला विचारण्याचे कारण नाही. यातले खर्च वाचण्याचे विधान तेवढे खरे आहे, तेही पहिल्या एक-दोन पावसाळ्यांपुरते. बाकीची विधाने एकेक करून तपासायला हवीत.

आधी काचेबद्दल, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. घराच्या खिडकीत बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीची साधी काच असते आणि ती फुटली की तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. टफन्ड काच फुटते तेव्हा तिचे बारीक, बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या प्लास्टिकच्या थराला चिकटून राहतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० गाडीला सुरक्षा-काच किंवा तशीच मान्य सुरक्षा-ग्लेझिंग (काचेऐवजी लावायचे सुरक्षित पारदर्शक साहित्य) हवी असे सांगतो तो यासाठीच. कॅम्परमध्ये पलंग बहुतेक वेळा खिडकीला लागून असतो आणि झोपलेल्या माणसाचे डोके काचेपासून वीतभर अंतरावर असते, हे लक्षात घेतले तर साधी काच लावण्याचा विचारही मनात येऊ नये.

‘मग ॲल्युमिनियमच्या चौकटीत टफन्ड काच घालून घेऊ’ असे यावर कोणी म्हणेल. काचेचा धोका त्याने कमी होतो, पण चौकटीचे दोष तसेच राहतात. घरची खिडकी सपाट, उभ्या आणि न हलणाऱ्या भिंतीसाठी बनवलेली असते. व्हॅनची बाजू वरच्या अंगाला आत झुकलेली आणि मधे फुगीर असते. खिडकी जिथे बसवायची तिथे एक सरळ लाकडी पट्टी उभी धरून पाहिली, की पट्टी आणि पत्रा यांच्यातली फट डोळ्यांना दिसते. ताठ चौकट त्या फुगवट्यावर आवळली, की एकतर चौकट पिळते किंवा पत्रा आत दबतो. शिवाय खराब रस्त्यावर चौकटीच्या कोपऱ्यांचे स्क्रू सैल होऊ लागतात, ट्रॅकमध्ये काच खडखडते, आणि ट्रॅकमधले पाणी बाहेर सोडणारी भोके वेगात असताना वाऱ्याच्या दाबाने तेच पाणी आत घेतात.

कॅम्परसाठी मिळणारी दुहेरी ॲक्रिलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी वरच्या बाजूच्या बिजागरीवर बाहेर उघडते, त्यामुळे सरळ पडणाऱ्या पावसातही ती थोडी उघडी ठेवता येते. दोन थरांमधल्या हवेमुळे थंडीच्या रात्री आतून दव कमी धरते. तिलाही मर्यादा आहेत: ती लवकर ओरखडते, चालत्या गाडीत बंदच ठेवावी लागते आणि थिनर लागला तर तिला बारीक तडे जातात, म्हणून साबणाच्या पाण्याखेरीज तिला काही लावू नये. युरोपात मान्य झालेल्या खिडकीवर ‘ई’ खूण आणि ‘४३ आर’ असे छापलेले असते. ते नसलेली स्वस्त नक्कल मी घेणार नाही.

मोठ्या खिडकीने गाडी थंड राहते हे तर उलटेच आहे. काचेतून ऊन आत येते, तापलेल्या आसनांची आणि फळ्यांची उष्णता मात्र सहज बाहेर जात नाही. हवा खेळायला मोठे भोक एकच असून भागत नाही, समोरासमोर दोन वाटा लागतात. त्याहून बरे म्हणजे सावलीच्या बाजूला खाली एक छोटी खिडकी आणि छपरात एक झडप, कारण गरम हवा वरच जाते.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदी निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकालाही करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक अनधिकृत बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून पत्र्यावर पेन्सिलची रेघ ओढण्याआधी आरटीओत जावे. शक्य असेल त्याने मुळातच खिडक्यांसह येणारे मॉडेल घ्यावे आणि नको असलेल्या खिडक्या आतून झाकाव्यात. कापण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता सिलिकॉन. दापोलीजवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांची व्हॅन दोन पावसाळ्यांनंतर उघडून पाहिली, तेव्हा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यावरचा रंग पापडासारखा फुगला होता. नखाने दाबला तर तो तुटून आला आणि खाली तांबूस, ओला भुगा होता. सिलिकॉन मात्र वरून अखंड, चकचकीत दिसत होते. कारण साधे होते. पत्रा ग्राइंडरने कापल्यामुळे कडेचा रंग जळाला होता, ठिणग्या आजूबाजूला रुतल्या होत्या, आणि उघड्या कडेवर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन थेट भरले होते. ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि उघडे लोखंड त्याने गंजते. कोकणच्या खाऱ्या हवेने उरलेले काम केले. त्यातही भोकाचे कोपरे काटकोनी कापलेले होते, त्यामुळे गाडी पिळवटताना सगळा ताण तिथेच येऊन एका कोपऱ्यातून बोटभर चीर गेली होती.

तीच खिडकी काढून आम्ही काम पुन्हा केले. आतला प्लाय सोडवला, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. नव्या भोकासाठी मास्किंग टेप लावून, कोपऱ्यांना आधी गोल भोके पाडून, बारीक दातांच्या पात्याने जिगसॉ (विजेवरची हातकरवत) चालवली आणि पत्र्याला आतून आधार देणारी उभी पट्टी कुठेही कापली जाणार नाही हे पाहिले. कड कानसीने घासली, लोखंडाचा कीस चुंबकाने वेचला, झिंक प्राइमरचे दोन हात दिले आणि ते पूर्ण वाळू दिले. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणून आतून गाडीच्या फुगवट्याप्रमाणे घासलेली लाकडी चौकट चिकटवली, आणि ॲक्रिलिकच्या खिडकीखाली कधीही न सुकणारी ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) घालून स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले. दुसऱ्या दिवशी टेप दबली होती, तेव्हा ते पुन्हा एकदा आवळले आणि बाहेर आलेली टेप लाकडी पातीने काढून टाकली.