किती देते?

आधीच्या गाडीबद्दल हा प्रश्न कुणी विचारला की एका श्वासात उत्तर जायचं, "14." समोरच्याने "माझी 16 देते" म्हणायचं, मी मनातल्या मनात "थापा" म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. हायब्रीड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेतल्यापासून मात्र कुणी "किती देते?" विचारलं, की मी त्याला आधी बसायला सांगतो.

कारण उत्तरं चार आहेत. कंपनीच्या पत्रकात 28. गाडीच्या पडद्यावर 24. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हिशेबात 22. आणि मुलीला क्लासला सोडलं की 11.

या 11 चं दुःख आधी सांगतो, ते ताजं आहे. क्लास दोन किलोमीटरवर. सकाळी बटण दाबलं की गाडी मांजरीसारखी निघते. बॅटरी भरलेली, इंजिन बंद, मी खूश. कोपऱ्यापर्यंत पोचत नाही तोच इंजिन घुर्र करून जागं होतं. का रे बाबा? तुला कुणी बोलावलं? तर म्हणे, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही आणि त्याला तापवायला इंजिन पेटवावंच लागतं. म्हणजे माझं पेट्रोल गाडी पुढे न्यायला कमी आणि एका डब्याला शेक द्यायला जास्त जळतं. तो डबा मनासारखा शेकून होतो, तोवर क्लास आलेला असतो. तासाभराने मुलीला आणायला जायचं, तर तो पुन्हा निवत आलेला.

मग 28 कुठून आले, म्हणून मी खोलात शिरलो. (शिरू नये. घरातली शांतता जाते.) पत्रकातले असले आकडे बंद खोलीतल्या चाचणीत निघतात. उदाहरणार्थ, युरोपात नव्या गाड्यांसाठी 2017 पासून इंधन आणि धूर मोजणारी डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी आली. आधीच्या चाचणीपेक्षा ही वास्तवाच्या बरीच जवळ आहे म्हणतात. गाडी खोलीत रोलरवर उभी करतात, हवा 23 अंशांवर ठेवतात, एसी बंद आणि 1800 सेकंदांत ती जागच्या जागी सुमारे 23 किलोमीटर धावते. ना खड्डा, ना चढ, ना मागच्या सीटवरून "उकडतंय" म्हणणारं कुणी. असल्या सुखात मीसुद्धा 28 दिले असते.

पडद्यावरचा आकडाही सरळ नाही, तो जरा लाडाने बोलतो. त्याची उलटतपासणी घ्यायला मी वही घातली. दर वेळी तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच फरशीवर. नोझल खट्कन बंद झालं की थांबायचं, वरून एक थेंब नाही. तरी ते खट्कन कधी लवकर होतं, कधी उशिरा. लिटरभराचा फरक सहज पडतो. म्हणून एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, पाच-सहा टाक्यांची सरासरी काढायची. या वहीला घरात "पोथी" म्हणतात.

मग ब्रेकचं शास्त्र. हायब्रीडचा ब्रेक हळू दाबला तर मोटर जनित्र होऊन बॅटरी भरते. करकचून दाबला तर उरलेला वेग ब्रेक पॅड तापवण्यात वाया. हे कळल्यापासून मी सिग्नल दिसला की लांबूनच हळुवार पाय ठेवतो.

"सिग्नल पुढच्या तालुक्यात आहे," बायको म्हणते.

मागचे हॉर्न वाजवतात. मी पडद्यावर चाकाकडून बॅटरीकडे सरकणारे बाण बघत असतो.

खरी फजिती मेहुण्यासमोर झाली. "हायवेला बघच," म्हणून त्याला लांबच्या प्रवासाला नेलं आणि 110 च्या वेगाने हाणली. पोचलो तेव्हा आकडा 18. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग बॅटरी भरणार कशाने? तिचा जीव तरी केवढा! एक-दीड किलोवॉट-तास. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 9 असतात. म्हणजे ज्या बॅटरीच्या कौतुकात मी वर्ष काढलं, तिच्यात वाटीभर पेट्रोलाएवढी ऊर्जा. घाट उतरताना तर ती चार वळणांतच भरते आणि पुढचा सगळा उतार डोळ्यांदेखत फुकट जातो. मेहुणा काही बोलला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "आमची डिझेल 20 देते." थापा.

उलट, तुंबलेल्या रस्त्यात ही गाडी सोनं. सरकली की मोटर, थांबली की इंजिन बंद. लोक ट्रॅफिक चुकवायला गल्ल्या शोधतात, मी तुंबलेला रस्ता शोधतो. परवा एकाने काच खाली करून विचारलं, "हसताय काय?" काय सांगणार त्याला?

एवढी साधना करून माझे 22. बायको ऑफिसला नेते तेव्हा एसी 20 वर, गाणी मोठ्याने, पडद्याकडे ढुंकून बघत नाही. तिचे 25. पोथीत तिची पानं मी वेगळ्या शाईने लिहितो.

काल लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "नवीन गाडी किती देते हो?"

"25," बायको एका श्वासात म्हणाली. आमचा मजला आला, ती बाहेर पडली.

मी दार हाताने अडवून धरलं.

"तसं बघायला गेलं तर काका," मी म्हणालो, "तुम्हाला जरा बसायला वेळ आहे का?"