माझ्या भावाला का नाही वाचवलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

भाऊ गेल्यावर विश्वासाने मला कसं सावरलं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, लपवत नाही. तुम्ही लिहिलंत, "देव सर्वशक्तिमान असेल तर त्याने तुमच्या भावाला का नाही वाचवलं? आणि वाचवलं नाही, तरी तुम्ही त्याच्याच दाराशी सांत्वन मागायला जाता! ही श्रद्धा नव्हे, अफूची गोळी. निदान दुःखातल्या माणसांना ती वाटत फिरू नका." शेवटी एक ओळ तुमच्या वडिलांबद्दल आहे. तिच्याकडे नंतर येतो.

अफूचं आधी उरकतो. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला अफू म्हटलं खरं, पण त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या माणसाचा सुस्काराही म्हटलंय. तेवढं मात्र सहसा गाळलं जातं. असो. गुंगी आली असती तर मी आनंदाने घेतली असती, इतके ते दिवस वाईट होते. ती आली नाही. प्रार्थनेला बसलो की उलट सगळं जास्तच टोचायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो तुमच्या आधी कुणीतरी विचारलाय आणि तो बायबलमध्येच छापलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो, तरी तो आणखी दोन दिवस होता तिथेच थांबतो. पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि सुनावते, की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते. तिचंही वाक्य तेच. (दोघी बहिणी चार दिवस घरात हेच बोलत बसल्या असणार, असं मला नेहमी वाटतं.) आणि जमलेल्यांतले काहीजण म्हणतात, ज्याने आंधळ्याचे डोळे उघडले, त्याला या माणसाचं मरण थांबवता आलं नसतं का?

हा तुमचाच प्रश्न आहे. योहानाने तो गाळला नाही आणि त्याला सरळ उत्तरही दिलं नाही. मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. तेच वाक्य मरीयेच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तो काही समजावत नाही, कबर कुठे आहे एवढं विचारतो आणि रडतो. लाजराला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही रडतो. भावाला पुरून घरी आलो त्या रात्री माझ्या हाताला धरण्यासारखं काही लागलं असेल, तर ते हेच.

तुम्ही म्हणाल, तिथे भाऊ उठला, तुमचा कुठे उठला? नाही उठला. त्याची खोली अजून तशीच आहे. एक दिवस उठेल अशी माझी आशा आहे, आणि ती तुम्हाला सिद्ध करून दाखवणं मला जमणार नाही. तसा आवही आणत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. दुःखातल्या माणसाच्या तोंडावर बायबलची वचनं फेकणारे लोक असतात. दफनाच्या दिवशी एका गृहस्थांनी आमच्या आईला ऐकवलं, "ख्रिस्ती माणसाने रडायचं नसतं, पौलाने सांगितलंय." येशूचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, त्याने असं कुठेही सांगितलेलं नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला त्याने लिहिलं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं नाही. उलट रोमकरांस पत्रात तो रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. आई त्या दिवशी गप्प झाली. ते मला अजून पचलेलं नाही.

मला आधार मिळाला तो तक्रार करायच्या परवानगीतून. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटच्या ओळीतही उजेड देत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. कितीतरी महिने मला स्वतःची प्रार्थना सुचत नव्हती, तेव्हा रात्री ते मोठ्याने वाचायचो. शब्द दुसऱ्याचे, राग माझा. बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात तर वधस्तंभावर खुद्द येशूच्या ओठांवर होती: माझ्या देवा, तू मला का टाकलंस? ज्या देवाला हे विचारता येतं, त्याच्या दाराशी जायला मला लाज वाटत नाही.

श्रद्धा म्हणजे दुबळ्यांची कुबडी, असंही तुम्ही सुचवलंय. पंडिता रमाबाईंना आपण कुणी दुबळं म्हणणार नाही. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मरण दारात आलं नाही का? १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, त्यांच्या हयातीतच गेली. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या, ते मुलगी गेल्यावरही त्यांनी सोडलं नाही. विश्वासाने त्यांचं एकही माणूस वाचवलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

आता तुमची शेवटची ओळ. "माझ्या वडिलांसाठीही सगळ्यांनी प्रार्थना केली होती." तिच्यावर मी काही लिहिणार नाही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर ते बरोबर होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. वडिलांबद्दल कधी सांगावंसं वाटलं तर सांगा. इथे नको असेल तर मला खाजगीत लिहा. उत्तरात वचन पाठवणार नाही.