बेटांच्या सहलीला निघालेल्या पुणेकरांसाठी काही सूचना

दिवाळीच्या सुटीत अंदमानला जाण्याचा बेत असेल, तर मेतकूट घरीच ठेवावे. गेल्या महिन्यात विमानतळावर आमच्या पिशवीतला डबा उघडून, त्यातली पिवळसर भुकटी चिमटीत धरून, हुंगून आणि साहेबांना दाखवून झाल्यावर तो कायमचा बाजूला ठेवण्यात आला. ‘अहो, भातावर घालून खातात,’ असे आमच्या सौभाग्यवती पुन्हापुन्हा सांगत होत्या; रांगेतली मंडळी मात्र आमच्याकडे टोळीचा म्होरक्या पाहावा तशी पाहत होती.

यावरून घ्यायचा धडा असा, की भुकटी न्यायचीच असेल तर पावशेर नेऊ नये, टनांनी न्यावी. नोव्हेंबर 2024 मध्ये अंदमानातल्या बॅरन बेटाजवळ तटरक्षक दलाने म्यानमारची एक मासेमारी नौका अडवली, तेव्हा तिच्यात मासे नव्हते; दोन-दोन किलोच्या सुमारे तीन हजार पुड्यांत मिळून सहा हजार किलोंच्या आसपास मेथॅम्फेटामिन हे अमली द्रव्य होते. आपल्या कायद्यात या पदार्थाचे पन्नास ग्रॅम म्हणजे व्यापारी प्रमाण आणि त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. नौकेवर सहा खलाशी सापडले आणि इंटरनेटसाठी उपग्रहाशी जोडणारे यंत्रही सापडले. (आमच्या कोथरूडच्या इमारतीत पावसाची सर आली की इंटरनेट जाते, तेव्हा सोय पाहता राहायला तीच नौका बरी.) नौका पकडणाऱ्यांचे कौतुक आम्हीही केले. परंतु म्यानमारच्या शान प्रांतात हा माल बनतो हे जगजाहीर असताना, अंदमान-निकोबारच्या पाचशेहून अधिक बेटांपैकी वस्ती चाळिसांवरही नसताना आणि सप्टेंबर 2019 मध्येच कार निकोबारजवळ 1,160 किलो केटामाइन पकडले गेलेले असताना, पाच वर्षांनी त्याच समुद्रात त्याच्या पाचपट वजनाचा माल घेऊन येण्याइतका निर्धास्तपणा त्या सहा जणांच्या मालकाला आला कुठून? पण हा प्रश्न आपण विचारायचा नसतो. आपण मुद्देमालाच्या ढिगामागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांचे छायाचित्र पाहावे, किमतीतील शून्ये मोजावीत आणि तो मजकूर सोसायटीच्या गटावर दोन ध्वजांसह पुढे धाडावा.

किनाऱ्यावर शंख वा प्रवाळ उचलू नयेत, कारण ते परतताना हमखास पकडले जातात.

लक्षद्वीपला जायचे असल्यास प्रवेशाचा परवाना, ओळखपत्र आणि छायाचित्रे यांच्या प्रती वेळेत तयार ठेवाव्यात. मे 2022 मध्ये अगत्तीजवळच्या समुद्रात पकडले गेलेले 218 किलो हेरॉइन आणि मार्च 2021 मध्ये मिनिकॉयजवळ श्रीलंकेच्या नौकेवर मिळालेले तीनशे किलो, सोबत पाच एके-47 रायफली, यांपैकी कोणी असा अर्ज भरल्याचे आमच्या वाचनात नाही.

खरे तर पुणेकराने एवढी पायपीट करण्याचे कारणच नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, विश्रांतवाडीत आणि पुढे दिल्लीत मिळून सतराशे किलोंहून अधिक एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे अमली द्रव्य, सापडले. त्यातले काही चक्क मिठाच्या गोदामात होते. त्याआधी, ऑक्टोबर 2023 मध्ये, याच धंद्यातला एक कैदी ससूनमध्ये महिनोन्‌महिने उपचार घेता घेता निघून गेला. समुद्र नाही, नौका नाही, खलाशी नाहीत. दौंडच्या रस्त्याने टेम्पो येतो.

आता उपरोध पुरे. सहा टन माल कोणी समुद्रात विरघळवायला आणत नाही. तो विकत घेणारे आहेत म्हणून येतो, आणि घेणारे काही फक्त परमुलखातले नाहीत. शनिवारी रात्री मुलगा कुठे जातो, त्याच्या खात्यातून दर आठवड्याला कोणाला पैसे जातात, हे आपल्याला विचारवत नाही, कारण उत्तर काय येईल याचा अंदाज आपल्याला आहे. जून 2024 मध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या पबच्या स्वच्छतागृहातली चित्रफीत बाहेर आली, तेव्हा ‘हल्लीची पिढी’ म्हणून हळहळलात; त्या पिढीला पॉकेटमनी देते कोण? आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी मुलाच्या कपाटात सापडलेली पुडी संडासात ओतली आणि वर ‘बाहेर बोलू नका’ म्हणून आम्हाला दम दिला. मुलाला डॉक्टरकडे नेले नाही, पुडी पुरवणाऱ्याचा नंबर पोलिसांना दिला नाही. तो पुरवणारा आजही चौकातल्या टपरीशेजारी दुचाकी लावून उभा असतो. बॅरन बेटाच्या कारवाईचा मजकूर गटावर सर्वांत आधी टाकला होता तोही याच गृहस्थांनी. लाज वाटली पाहिजे त्यांना, आणि तो दम ऐकून गप्प बसलेल्या इमारतीतल्या प्रत्येकालाही.