स्कॅनर लागला ना? मग वही घाला रद्दीत

गल्ल्यावर स्कॅनर चिकटवला आणि तो डबा दिवसभर 'प्राप्त हुए' म्हणून ओरडू लागला की हिशेब आपोआप होतो. रोजमेळ लिहिणं ही आजोबांच्या काळातली थेरं. वही आणलीच असेल तर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहा आणि कोरीच माळ्यावर टाका.

निम्मं गिऱ्हाईक बायकोच्या नंबरवर घ्या. दोन स्टेटमेंटं तपासायला, तुमचं रिटर्न भरणाऱ्या मला, मजाच येते.

स्क्रीनशॉट दाखवला की माल देऊन टाका.

आणि खातं एकच ठेवा. विक्री, भिशी, पोरीच्या क्लासची फी, पेट्रोल, सगळं एकत्र नांदू द्या. परवा, रिटर्नच्या मुदतीला चार दिवस उरलेले असताना, एक शेठ माझ्या टेबलावर १४० पानांचं स्टेटमेंट आदळून गेले. "सगळं यातच आहे, बघून घ्या." बघतोय. दहा, वीस, पंधरा, पुन्हा दहा, आणि मध्येच पन्नास हजार. हे कुणाचे? "बहुतेक साडूचे." बहुतेक! विक्रीत धरले तर कर तुम्हालाच, शिवाय मालाच्या वार्षिक विक्रीची, जीएसटी नोंदणी लागण्याची ४० लाखांची वेस जवळ येते ती वेगळीच. नाही धरले, तर उद्या विचारणा झाल्यावर साडूला मी उभं करू? छोट्या धंद्यांसाठीच्या आयकराच्या अंदाजित नफ्याच्या योजनेत रोख विक्रीवर निदान ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. सवलत तुमची आहे हो! पण विक्री कुठली आणि साडू कुठला, हे तुम्हालाच माहीत नाही.

जुलै २०२५मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बेंगळुरूत 'फक्त रोख'चे बोर्ड लागले. तेव्हा याच शेठचा मेसेज: "आपणही स्कॅनर काढायचा का?" काढा की. मागचं जे बँकेत उमटलंय ते काय खोडरबराने पुसणार?

पुरे झाली थट्टा. दुकानाचं खातं वेगळं उघडा. रात्री शटर ओढण्याआधी चार आकडे लिहा: रोख किती, स्कॅनरवर किती, उधारी किती, घरी किती उचलले. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते तुमचं आहे, माझं नाही. पुढच्या वर्षी नुसतं स्टेटमेंट घेऊन आलात तर दारातूनच परत पाठवीन.

आणि शेठ, गेल्या वर्षीची माझी फी "तेव्हाच पाठवली की" म्हणालात. १४०च्या १४० पानं बघितली. नाहीये.